सांगितल्यावर पुढे काय?

वर्षातून एकदा शाळेत ‘गुड टच, बॅड टच’चा तास होतो. मुलांना हॉलमध्ये खाली बसवतात, प्रोजेक्टरवर चाइल्डलाइनची ‘कोमल’ ही फिल्म दाखवतात. मुलं एका सुरात ‘नाही म्हणा, पळा, सांगा’ म्हणतात, टाळ्या होतात आणि पुढच्या तासाला गणित सुरू होतं. तास वाईट नसतो, तो व्हायलाच हवा. पण त्या ‘सांगा’च्या पुढे काय होतं, हे मुलांना कुणी सांगत नाही. सांगितलं तर आई रडेल का? बाबा त्या माणसाला मारायला धावतील का? अख्ख्या वर्गाला कळेल का? पोलीस घरी येतील का? माझा मोबाइल काढून घेतील का, क्लास बंद करतील का? अगदी लहानग्यांचं सोडलं, तर आपल्या बाबतीत चाललंय ते बरं नाही एवढं मुलांना बऱ्याचदा कळलेलं असतं. अडतं ते या प्रश्नांपाशी. त्यांची उत्तरं मुलांना आधीच, काहीही घडलेलं नसताना, मिळायला हवीत. म्हणून या लेखात ओळखण्याबद्दल थोडं आणि सांगण्याबद्दल जास्त आहे. पालकांनी तो वाचावा आणि वर्गशिक्षकांनीही.

स्पर्शापलीकडचं

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडी पाठ करायला सोपी, पण कामाला अपुरी. लाडक्या मामाचा किंवा आवडत्या कोचचा स्पर्श मुलाला ‘वाईट’ वाटेलच असं नाही. सुरुवात गुदगुल्यांपासून, मांडीवर बसवण्यापासून झालेली असते. सोबतीला चॉकलेट, गेम खेळायला मोबाइल आणि ‘तू माझी सगळ्यांत लाडकी’ हे असतंच. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि त्रास झालेल्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. ‘आम्हाला काय, आमचा मुलगाच आहे’ म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवावा.

मुलांना नियम दिले की त्यांना सोपं जातं. पोहण्याच्या कपड्यांनी जो भाग झाकला जातो तो खासगी. तो कुणी बघायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, त्याचा फोटो काढायचा नाही, आणि स्वतःचा दाखवून तुला हात लावायलाही सांगायचं नाही. आंघोळ घालणारी आई-आजी आणि आई किंवा बाबा समोर असताना तपासणारे डॉक्टर एवढाच अपवाद. अवयवांची खरी नावं घरात एकदा नीट सांगून टाकावीत. ‘शूच्या जागी दुखतंय’ हे बाईंना कळेलच असं नाही, आणि ज्या गोष्टीला घरात नाव नाही ती गोष्ट घरात बोलायची नसते, असं मूल आपोआप शिकतं.

मग मोठ्यांनी पाळायचा नियम. घरी आलेल्या आत्याला पापी द्यायची नसेल, तर मुलाने ‘नको’ म्हणावं आणि आपण ते चालवून घ्यावं. ‘दे ना, आत्याला वाईट वाटेल’ म्हणून आपणच मुलाला पुढे ढकलतो आणि नंतर त्याने परक्या माणसाला ठणकावून नकार द्यावा अशी अपेक्षा ठेवतो.

गुपितांचंही एकदा बोलून घ्यावं. वाढदिवसाचं सरप्राइज दोन दिवसांनी सगळ्यांना कळणारच असतं. ‘हे आपल्या दोघांतच’ म्हणून सांगितलेलं कधीच कुणाला कळू द्यायचं नसतं, आणि असं गुपित घरी सांगायचंच. इथे एक अडचण आपल्याकडची आहे: ‘आईची शप्पथ, कुणाला सांगितलंस तर!’ सहा-सात वर्षांचं मूल ही शप्पथ खरी मानतं. सांगितलं तर आई मरेल, या भीतीने ते महिनोन्‌महिने गप्प राहू शकतं. अशी शप्पथ कुणीही घातली तरी ती आपोआप सुटते, मला काहीही होत नाही, हे आईनेच एखाद्या निवांत संध्याकाळी हसत हसत सांगून ठेवावं.

‘मस्ती’ म्हणून सोडून दिलेलं

मोठ्यांनी मुलांना दिलेल्या त्रासाबद्दल आता निदान बोललं तरी जातं. मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासाबद्दल शाळेत फार कमी बोललं जातं. मधल्या सुट्टीत मागून ब्राचा पट्टा ओढून सोडणं. मुलांच्या शौचालयात एकाची चड्डी खाली खेचणं. बाकावर कर्कटकाने एखादीच्या नावापुढे काहीबाही कोरणं, वर्गातल्या मुलींना ‘मार्क’ देणारी यादी फिरवणं, मऊ बोलणाऱ्या मुलाला ‘छक्का’ म्हणत त्याच्या अंगाशी खेळणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गमैत्रिणीचा चेहरा चिकटवलेला घाणेरडा स्टिकर टाकणं. स्टाफरूममध्ये यातलं बरंचसं ‘वयच तसं आहे’ एवढ्यावर निकालात निघतं.

वय तसं असतंच. पण वयाचा भाग कुठला आणि त्रास कुठला, हे मुलांना चांगलं ओळखता येतं. त्यांना प्रश्न तेवढे द्यावे लागतात. दोघांनाही मजा येतेय, की एकच हसतोय? ‘नको’ म्हटल्यावर थांबलं, की आणखी चेव आला? एक जण मोठा, दांडगा, मॉनिटर किंवा टीमचा कॅप्टन आहे का? ‘कुणाला सांगितलंस तर बघ’ असं कुणी म्हटलं का? हे प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहा, एखादं साधं उदाहरण द्या आणि मुलांना वाद घालू द्या. मुलं मोठ्यांपेक्षा कडक न्याय करतात असा अनुभव येईल.

लहान वर्गांत घाबरून जाण्याआधी थोडं थांबावं. पाच वर्षांची दोन मुलं कुतूहलाने एकमेकांचे अवयव बघतात, कुणी आलं की खुदकन हसून दुसऱ्या खेळाला लागतात. ‘ही खासगी जागा आहे, चला, कपडे घाला’ एवढं पुरतं. पण बारा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या मुलाला गच्चीवर नेत असेल, किंवा बालवाडीतलं मूल मोठ्यांच्या लैंगिक कृतींची हुबेहूब नक्कल करत असेल, तर ते कुतूहल उरत नाही. त्या मुलाने ते कुठे तरी पाहिलंय किंवा त्याच्या बाबतीत ते कुणी केलंय, ही शक्यता तपासायलाच हवी.

आणि बघे. शौचालयातल्या त्या प्रसंगात त्रास देणारे दोघं, सोसणारा एक आणि बाजूला उभे असलेले सात-आठ असतात. या सात-आठांना भांडायला सांगून उपयोग नाही, तेही घाबरलेले असतात. ‘ए, तुला सरांनी बोलावलंय’ म्हणून त्याला तिथून बाहेर काढणं एवढं तर कुणालाही जमतं. नंतर एकाने जरी मोठ्या माणसाला सांगितलं, तरी ती चुगली होत नाही, हे वर्गात स्पष्ट बोलावं लागतं. कारण चुगली न करण्याची शिकवण आपणच दिलेली असते.

कायदा या बाबतीत स्टाफरूमपेक्षा कडक आहे. ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’, म्हणजे पॉक्सो, १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. लैंगिक हेतूने केलेले शेरे, हावभाव, अश्लील काही दाखवणं, सतत पाठलाग करणं, खऱ्या किंवा बनावट चित्रांची धमकी देणं हेही त्यात गुन्हे आहेत. ‘कपड्यांवरूनच तर हात लावला’ ही सबब तर चालतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका निकालात त्वचेचा त्वचेशी संपर्क आवश्यक मानला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा ठरवला.

मूल बोलायला लागतं तेव्हा

मुलं समोर बसून ‘माझं लैंगिक शोषण झालं’ असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, ‘मला व्हॅनमध्ये पुढे नाही बसायचं.’ ‘ते नवीन सर मला आवडत नाहीत.’ ‘कबड्डीला नाही जायचं आता.’ थोडी मोठी मुलं म्हणतात, ‘माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत ना…’ अशी मैत्रीण कधी खरी असते, कधी नसते. ती कोण याचा शोध घेऊ नये. मूल थोडंसं सांगून आपला चेहरा बघतं. चेहरा बदलला की विषय बदलतं. त्यामुळे मुलं बोलतात ती बहुधा आपला चेहरा समोर नसताना: स्कूटरवर मागे बसून, अंधारात अंथरुणावर, तुम्ही भाजी निवडत असताना. त्या वेळी हातातलं काम न थांबवता ‘हं, मग?’ एवढंच म्हणावं.

खुणांच्या याद्या सगळीकडे छापून येतात: अंथरूण ओलं करणं, झोपेत दचकणं, एकाएकी अभ्यासातून मन उडणं, अमुक माणसाला टाळणं. त्या खऱ्या आहेत, पण त्यांतली प्रत्येक खूण दुसऱ्या कारणानेही दिसते. मुलगी दिवसभर शाळेच्या शौचालयात जात नाही म्हटल्यावर आधी ते शौचालय जाऊन बघा. आपल्याकडच्या कित्येक शाळांत तिथे पाणी नसतं आणि दाराला कडी नसते, एवढं एकच कारण पुरेसं असतं. खूण दिसली की निष्कर्ष काढायचा नसतो, जवळ बसायचं असतं.

आणि मग मूल सांगतं. पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय बोलता याला फार महत्त्व आहे. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘आधी का नाही बोललीस?’, ‘नक्की ना? ते तसे वाटत नाहीत’ ही वाक्यं आपल्या तोंडावर आलेली असतात, ती गिळावीत. असं काहीसं बोलता येईल:

‘बरं झालं सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझं यात काहीही चुकलेलं नाही.’

मूल बहुतेक म्हणेल, ‘पण बाबांना सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस.’

इथे ‘नाही सांगणार’ असं वचन देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. ते देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी: ‘तुला त्रास होऊ नये म्हणून मला एक-दोन माणसांची मदत घ्यावी लागेल. ती कोण, हे मी आधी तुला सांगेन. बाबा रागावले तर त्या माणसावर रागावतील, तुझ्यावर नाही, आणि ते मारामारी करणार नाहीत याची जबाबदारी माझी.’ आणि मग ते खरोखर तसंच करावं.

प्रश्न विचारताना शब्द मुलाच्या तोंडात घालू नयेत. ‘काकांनी इथे हात लावला का? असं केलं का?’ अशा प्रश्नांना लहान मूल मान डोलावतं आणि पुढे कोर्टात त्याचीच खोच निघते. ‘मग काय झालं?’ आणि ‘अजून काही सांगायचंय?’ हे दोन प्रश्न पुरेत. तपशील उकरणं आपलं काम नव्हे. मूल झोपलं की त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ‘अवयव’, ‘गैरवर्तन’ असे आपले शब्द त्यात घालू नका. घटना ताजी आणि शारीरिक असेल, तर तपासणी होईपर्यंत अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत. मुलाने आठ दिवसांनी किंवा महिन्याने सांगितलं म्हणून ते खोटं ठरत नाही. उशिरा सांगणं हेच सर्रास घडतं.

तक्रारपेटी कुठे आहे?

पुढच्या पालकसभेला गेलात की शाळेतली तक्रारपेटी शोधा. बऱ्याच शाळांत ती मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या स्टुलाशेजारी, बरोबर सीसीटीव्हीच्या खाली असते. कुलूप गंजलेलं. अशा पेटीत चिठ्ठी टाकायला आठवीतल्या मुलीला किती धाडस लागेल! पेटी हवी जिन्याच्या वळणावर, वाचनालयात, जिथे मुलं सहज रेंगाळतात अशा दोन-तीन ठिकाणी. ती कोण उघडतं, कोणत्या वारी उघडतं आणि उघडताना शिक्षकांखेरीज आणखी कोण हजर असतं, हे पेटीवरच लिहिलेलं असावं. ज्यांच्याबद्दल तक्रार होऊ शकते त्यांच्याच हाती एकट्याने किल्ली असू नये, हे सांगायलाच नको, पण सांगावं लागतं. बिननावी चिठ्ठी आली तर उत्तर कसं द्यायचं, हा प्रश्न उरतो. परिपाठाच्या वेळी नाव-गाव न घेता ‘मागच्या आठवड्यात आलेल्या चिठ्ठ्यांवर आम्ही अमुक पाऊल उचललं आहे’ एवढं म्हटलं, तरी लिहिणाऱ्याला कळतं आणि बाकीच्यांचाही पेटीवर विश्वास बसतो.

महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि या समित्यांची आठवण सरकारने पुन्हा करून दिली. समिती फायलीत असतेच. तुमच्या मुलाला तिच्यातल्या एका तरी सदस्याचा चेहरा माहीत आहे का, हे विचारा. माहीत नसेल तर सभेत उठून सदस्यांची नावं मागा आणि ती मुलांना दिसतील अशी लावायला सांगा.

वर्गशिक्षकांना एक सोपा उपक्रम सुचवतो. मुलांना वहीवर हाताचा पंजा काढायला सांगा आणि प्रत्येक बोटावर अशा मोठ्या माणसाचं नाव लिहायला सांगा, ज्याला काहीही सांगता येईल. किमान एक नाव घराबाहेरचं आणि एक शाळेबाहेरचं हवं, कारण त्रास घरातच असू शकतो, शाळेतच असू शकतो. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याकडे. मग दोघा-दोघांत सराव करून घ्या. सराव त्रासाच्या प्रसंगाचा नको, फक्त सांगण्याचा: ‘बाई, मला तुमच्याशी एकट्याने बोलायचंय, महत्त्वाचं आहे.’ हे पहिलं वाक्य तोंडून निघणंच सर्वांत कठीण असतं. आग लागल्यावर कोणत्या जिन्याने उतरायचं याची आपण शाळेत रंगीत तालीम घेतो, तशीच याची घ्यावी. ज्या मुलाचा पंजा कोरा राहील, त्याच्याकडे मात्र त्याच दिवशी, सगळे गेल्यावर, लक्ष द्या.

तक्रार आल्यावर शाळा हमखास एक चूक करते: स्वतःची चौकशी. मूल वर्गशिक्षिकेला सांगतं, मग पर्यवेक्षकांना, मग मुख्याध्यापकांना, मग संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांसमोर, आणि शेवटी ‘खरं-खोटं होऊन जाऊ दे’ म्हणून आरोप असलेल्या माणसाला समोर उभं करतात. पॉक्सोचं कलम १९ यातलं काहीही मागत नाही. गुन्हा घडल्याची माहिती किंवा नुसती शंका असली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. बदलापुरातल्या त्या दोन चिमुरड्यांच्या बाबतीतही वेळेवर कळवलं गेलं नाही. तक्रार नोंदवून घ्यायला तासन्‌तास लावणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित व्हावं लागलं आणि न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. शिक्षकांनी घाबरू नये. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुलाने स्वतः तक्रार केली नाही, किंवा केलेली तक्रार खोटी ठरली, तरी मुलाला शिक्षा नाही.

पोलीस, दवाखाना, कोर्ट

हा भाग मुलांनाही, त्यांच्या वयाला झेपेल तेवढा, सांगून ठेवावा. पोलीस म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर कोठडी येते.

मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मूल स्वतःही तो फिरवू शकतं. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून तो सुरू झाला. आता तो सरकारी यंत्रणेमार्फत चालतो आणि तातडीच्या ११२ शी जोडलेला आहे. थेट पोलीस ठाण्यात गेलात, तर हद्द आपली नसली तरी गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अंगावर गणवेश नको. आई-बाबा किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस शेजारी हवं. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती पुढच्या धावपळीत सोबत करायला सपोर्ट पर्सन देऊ शकते.

दवाखान्यात आधी एफआयआर दाखवा म्हणून कुणी अडवू शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. उपचार मोफत असतात, खासगी रुग्णालयातसुद्धा. कोर्टात सुनावणी बंद दाराआड चालते, मुलाला आरोपी दिसणार नाही अशी व्यवस्था असते आणि वकिलाने मुलाला थेट फैलावर घ्यायचं नसतं, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं हा गुन्हा आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ‘अमक्यांच्या मुलीचं कळलं का?’ असं लिहिणाऱ्या काकूंनाही हे कळवायला हरकत नाही. महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेतून आर्थिक साहाय्यही मिळतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावं.

हे सगळं प्रत्येक ठाण्यात असंच घडतं, असं मी म्हणणार नाही. गणवेशातला हवालदार, गजबजलेली खोली, ‘उद्या या’ हेही वाट्याला येऊ शकतं. म्हणून मुलाच्या जबाबाबद्दलच्या, पॉक्सोच्या कलम २४ चा उल्लेख करून आपला हक्क मागता यावा, यासाठी हे माहीत हवं. नोंद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी द्या आणि पोच घ्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही सोबत घ्या. शक्य असेल तर एकट्याने जाऊ नका.

फोनमधला त्रास

ओळख झाली गेममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर, एक फोटो पाठवला गेला, आणि आता ‘आणखी पाठव नाहीतर हा शाळेत फिरवतो’. हल्ली फोटो पाठवावाही लागत नाही. स्नेहसंमेलनातल्या साध्या फोटोवरून एआयने नग्न चित्र बनवतात. बनावट आहे म्हणून गुन्हा हलका होत नाही.

मुलाला सांगून ठेवा: पैसे द्यायचे नाहीत, आणखी काही पाठवायचं नाही, चॅट पुसायचं नाही. खात्याचं नाव, प्रोफाइलची लिंक, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मगच ब्लॉक करायचं. अश्लील फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून बाईंना किंवा दुसऱ्या पालकांना फॉरवर्ड करू नये. लहान मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांना दाखवावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारीसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठराच्या आतल्या मुलांचे नग्न फोटो मोठ्या समाजमाध्यमांवरून हटवायला मदत करते. फोटो फोनमध्येच राहतो, तिथे पोचतो तो फक्त त्याचा डिजिटल ठसा.

फोन जप्त करून टाकणं ही आपली पहिली ऊर्मी असते. ती आवरावी. फोन जाणार या एकाच भीतीने मूल धमक्या सोसत राहतं. ‘काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही’ हे आधीच कबूल करा.

आपल्याच मुलाने केलं असेल तर

एखाद्या दिवशी शाळेतून फोन येतो आणि त्रास देणारं मूल आपलंच निघतं. त्या वेळी दोन गोष्टी टाळाव्यात: पट्टा काढणं आणि ‘माझा मुलगा असं करणारच नाही’ म्हणणं. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय कायद्याखाली सहसा बाल न्याय मंडळापुढे चालतं, तिथे समुपदेशन आणि सुधारणेवर भर असतो, आणि त्याचंही नाव जाहीर करता येत नाही. वकील घ्या, पण समुपदेशकही घ्या. त्याने हे कुठून उचललं, हा प्रश्न त्याच्यासमोर रागाने नव्हे, समुपदेशकासमोर शांतपणे यायला हवा. समोरच्या कुटुंबाकडे तडजोडीला मात्र जाऊ नका.

आपलं मूल तक्रार करणारं असेल, तर तक्रारीनंतरही लक्ष ठेवावं लागतं. तक्रार झाल्यावर शाळेत बहुतेकदा तक्रार करणाऱ्याचीच जागा हलते. तिची तुकडी बदलतात, त्याला दुसऱ्या व्हॅनमध्ये घालतात, सहलीला ‘या वर्षी राहू दे’ म्हणतात. त्रास देणाऱ्याचं वेळापत्रक आहे तसंच राहतं आणि बाकीचे विद्यार्थी यातून काय समजायचं ते समजतात. म्हणून मुख्याध्यापकांना लेखी विचारा: दोघं एका वर्गात, एका जिन्यात, एका व्हॅनमध्ये येऊ नयेत म्हणून कुणाला हलवलंय? मधल्या सुट्टीत लक्ष कोण ठेवणार? बुडालेल्या चाचणीचं काय? मुलाला रोज भेटून ‘आज कसं होतं?’ विचारणारी शिक्षिका कोण? उत्तरावर तारीख घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात सगळे जागे असतात, तिसऱ्या आठवड्यात ती व्हॅन परत पूर्वीसारखी भरायला लागते.